पाहिला की ऐकला?

सांगलीत खणभागात अब्बांचा एसटीडी बूथ होता. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा पंखा आणि लाल आकडे पळवणारा मीटर. माझी शाळेची आणि कॉलेजची फी त्या लाल आकड्यांतून आली, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला अजून आदर आहे.

रमजानच्या एकोणतीस तारखेला संध्याकाळी या बूथचं रूपच बदलायचं. आमच्या मशिदीत तेव्हा फोन नव्हता. इफ्तार झाली, मगरिबची नमाज झाली की माणसं थेट आमच्या दुकानासमोर येऊन उभी राहायची. शिंपी यायचे, कारण उद्या ईद असेल तर रात्रभर मशीन चालवावी लागणार. बायका पोरांना पिटाळायच्या, शीरखुर्म्याचं दूध आज घ्यायचं की उद्या. आभाळात ढग असले की गर्दी दुप्पट.

मुंबई, कोल्हापूर, बेळगाव, कुठून कुठून फोन यायचे. चाँद दिसला म्हणून पलीकडचा माणूस आनंदाने ओरडत असायचा आणि अब्बा शांतपणे एकच प्रश्न विचारायचे, "खुद देखे क्या सुने?" स्वतः पाहिलात की ऐकलंत? ऐकलं म्हटलं की कुणाकडून, त्याने पाहिला होता का, आणखी कोण होतं. मग "रखो, मैं लगाता" म्हणून फोन ठेवून द्यायचे. रेक्झिनच्या कव्हरची डायरी काढायची, त्या गावातल्या ओळखीच्या माणसाचा नंबर शोधायचा आणि स्वतः फिरवायचा. स्वतःच्या पैशाने. मला लहानपणी हा निव्वळ वेडेपणा वाटायचा. तोच माणूस, तेच गाव, आत्ता तर बोलला, पुन्हा कशाला? अब्बा म्हणायचे, त्याने लावला तर तो कोण ते तो सांगतो. मी लावला तर ते मला माहीत असतं.

मौलाना बाकड्यावर बसलेले असायचे. ईदच्या चंद्राला गवाही लागते, ती देणारा समोर यावा लागतो. फोनवर येते ती फक्त खबर, हे ते दरवर्षी कुणाला तरी समजावून सांगायचे. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या गावांमधून, वेगवेगळ्या माणसांकडून तीच खबर येत राहिली तर तिला वजन येतं, हेही सांगायचे. एका वर्षी लागोपाठ चार फोन आले. लोक टाळ्या वाजवायला लागले. अब्बांनी चौघांनाही कुणाकडून कळलं ते विचारलं होतं. कागदावर लिहून पाहिलं तर चारही वाटा कोल्हापूरच्या एकाच दुकानदारापाशी जात होत्या. त्यानेही पाहिला नव्हता, ऐकला होता. "चार फोन, आदमी एक," अब्बा म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिसावा रोजा धरला. काही शिंपी अब्बांवर महिनाभर रागावून होते, कारण त्यांनी तोवर गिऱ्हाइकांना शब्द देऊन टाकले होते.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. वालचंदमधून इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि पुढची सोळा वर्षं टेलिफोनच्या सिग्नलिंगचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली. सिग्नलिंग म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगताना मी हळदीचं उदाहरण देतो. सांगलीच्या बाजारातून हळदीचा ट्रक निघण्याआधी व्यापारी पुढच्या गावी फोन करून विचारतो, गोदामात जागा आहे का, माणूस आहे का, रस्ता सुरू आहे का. ट्रक म्हणजे तुमचा आवाज. आधीची ही विचारपूस म्हणजे सिग्नलिंग. तुम्ही नंबर दाबता आणि पलीकडे घंटी वाजते, त्या दोन-तीन सेकंदांत एक्स्चेंजेस आपापसांत बरंच काही बोलून घेतात.

पूर्वी ही विचारपूस आणि आवाज एकाच तारेवरून जायचे. एसटीडी लावल्यावर कानात बारीक सूर वाजायचे, आठवतं? ते एका एक्स्चेंजने दुसऱ्याला सांगितलेले आकडेच होते. ते सूर ऐकून अब्बा कॉल लागणार की नाही ते सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. पण जे कानाला ऐकू येतं ते तोंडाने वाजवताही येतं. अमेरिकेत लांब पल्ल्याची लाइन मोकळी झाल्याची खूण २६०० हर्ट्झचा सूर होती. काही पोरांनी तो शिट्टीने वाजवला आणि जगभर फुकट फोन केले. खाऊच्या पाकिटात आलेली एक खेळण्यातली शिट्टी त्यासाठी प्रसिद्ध झाली. फुकट्यांचा बंदोबस्त आणि वेग, दोन्ही साधायला विचारपुशीसाठी वेगळी वाट काढली गेली. तिची जगाने मान्य केलेली पद्धत १९८० साली ठरली, तिचं नाव सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७, म्हणजे एसएस७. भारतात ती नव्वदच्या दशकात पसरली. त्याआधी १९८६ साली इथून फार लांब नसलेल्या कित्तूरला सी-डॉटचं पहिलं खेड्यांसाठीचं एक्स्चेंज बसलं होतं, एसीशिवाय, धुळीत-उन्हात चालणारं. आमच्या भागातल्या गावांत फोन आला तो अशा यंत्रांमुळे.

एसएस७ ज्यांनी रचलं त्यांना निरोप हरवण्याची जबरदस्त धास्ती होती. प्रत्येक निरोपाला क्रमांक. पलीकडचा सांगणार, इथपर्यंत पोचलं. मधला एक गेला तर तिथपासून पुन्हा. सांगायला काहीच नसेल तरी दोन्ही बाजू सेकंदाला कितीतरी वेळा रिकामे निरोप पाठवत राहतात, म्हणजे तार तुटली तर ताबडतोब कळावं. प्रत्येक वाट जोडीने, आणि एकेका वाटेवर साधारण ४० टक्क्यांच्या वर बोजा घालायचा नाही, कारण जोडीतली एक पडली तर दुसरीला दोघींचं ओझं वाहता आलं पाहिजे. दोन ठिकाणांमधली विचारपूस वर्षभरात मिळून दहा मिनिटांहून जास्त बंद राहू नये, असा त्यांचा दंडक होता. वर्षात दहा मिनिटं! आमच्याकडे वीज एका दुपारीच त्याहून जास्त जाते.

या दहा मिनिटांच्या आत राहणारे प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. एक यंत्र चालू, दुसरं तयारीत. पहिलं पडलं की दुसऱ्याने त्याच क्षणी पुढे चालवायचं, म्हणजे पहिल्याच्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात सतत उतरवत राहायचं. पण सगळंच उतरवत बसलात तर वेग जातो. मग काय उतरवायचं? आमच्या धंद्यातला रिवाज असा, की उचललेला फोन, म्हणजे बोलणं सुरू झालेला कॉल, दुसऱ्या यंत्राला कळवायचा. नुसता वाजत असलेला कळवायचा नाही. वाजता वाजता तुटला तर माणूस पुन्हा लावतो, चडफडत का होईना. बोलणं मध्ये तुटलं तर काय तुटलं ते आपल्याला माहीत नसतं. मला हा नियम पहिल्यांदा शिकवला गेला तेव्हा बूथमधली माणसं आठवली. आखातातल्या नवऱ्याशी महिन्यातून एकदा बोलणारी एक बाई होती, ती बोलत असताना लाइन गेली की अब्बा पैसे घ्यायचे नाहीत.

जोडीवर आमचा फार भरवसा. तो कुठे फसतो, हे १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत दिसलं. एटी अँड टी कंपनीचं न्यूयॉर्कमधलं एक एक्स्चेंज किरकोळ बिघाडाने काही सेकंद बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. सुरू झाल्याचा निरोप शेजारच्या एक्स्चेंजेसना गेला. तो निरोप हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक 'ब्रेक' चुकीच्या जागी पडला होता, त्यामुळे पाठोपाठ आलेल्या निरोपाने शेजारी कोसळले. तेही सावरले आणि "मी परत आलो" म्हणाले. त्या वाक्याने त्यांचे शेजारी कोसळले. ११४ एक्स्चेंजेस, नऊ तास. प्रत्येकाला जोडीदार होता, पण जोडीदाराच्या पोटात तोच प्रोग्रॅम, तीच चूक. ही गोष्ट पुण्यात एका प्रशिक्षणात ऐकताना माझ्या तोंडून निघून गेलं, "चार फोन, आदमी एक." शेजारी बसलेल्याला काही कळलं नाही. एकाच तोंडून ऐकलेले दोघं म्हणजे दोन गवाह होत नाहीत, एवढं मला आधीपासून माहीत होतं. फक्त ते कॉलेजात शिकलो नव्हतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. वर्ष सांगत नाही, कंपनीही नाही. एसएमएसचा जमाना होता. एसएमएस एसएस७ च्या वाटेनेच जातो, आणि प्रत्येक एसएमएस पोचवण्याआधी ज्याला द्यायचा तो माणूस या क्षणी कुठे आहे, हे एका मोठ्या वहीला, म्हणजे ग्राहकांच्या डेटाबेसला विचारावं लागतं. ते विचारणारा प्रोग्रॅम माझा. पाच सेकंदांत उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार, एकूण तीनदा, असं मी लिहिलं होतं. विचार साधा: निरोप हरवू नये. ऑफिसात चाचणी झाली, झकास चाललं.

चाँदरात आली. रात्री साडेआठला सगळे एकदम "ईद मुबारक" पाठवू लागले. वही थोडी मंदावली, उत्तरं सहा सेकंदांनी यायला लागली. माझा प्रोग्रॅम पाचव्या सेकंदाला पुन्हा विचारायचा, आणि सहाव्या सेकंदाला आलेलं पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनोळखी म्हणून फेकून द्यायचा. वहीवर काम तिप्पट झालं, ती आणखी मंदावली. ती जितकी दमत गेली तितका मी तिला हाका मारत होतो. पडद्यावर आमचं यंत्र ठणठणीत दिसत होतं, हे विशेष. शेवटी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, दारातच अर्धे परत पाठव. मला ते पटेना. विश्वासार्ह प्रोग्रॅम लिहितो म्हणायचं आणि निरोप आपणच नाकारायचे? पण ऐकलं. दहा मिनिटांत वहीने श्वास घेतला. नंतर मी तो भाग पुन्हा लिहिला: उत्तर नाही आलं तर प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांब, सगळे प्रश्न एकाच क्षणी विचारू नकोस म्हणून थांबण्यात थोडा फरक ठेव, आणि पलीकडचा दमलाय असं दिसलं तर नवीन काम घेऊच नकोस. सकाळी ईदगाहवरून आल्यावर अब्बांना फोन केला. ते म्हणाले, तुझी ईद मुबारक मिळाली. तीनदा.

पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. अब्बा तोवर गेले होते, अम्मी घरात वरच्या मजल्यावर. मी पुण्यात. फोन लागेना. नुसता टूं-टूं ऐकून मला कळत होतं, ही वाट मोकळी नसल्याची खूण, टॉवर अजून उभा आहे. मग संपर्काबाहेर असल्याची ध्वनिफीत ऐकू आली. म्हणजे मोबाइलची बॅटरी संपली किंवा टॉवरचं डिझेल. ही माहिती असण्याचा काडीचाही उपयोग नव्हता. आणि मी काय करत होतो? तुटला की लाव, तुटला की लाव. जे करायची मी माझ्या प्रोग्रॅमला बंदी घातली होती तेच, शेकडो वेळा. सांगलीत माणसं असलेला प्रत्येक जण तेच करत असणार. तिसऱ्या दिवशी मिरजेहून मामूंचा फोन आला, अम्मी त्यांच्याकडे सुखरूप पोचली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती. एसएस७ मध्ये इतकी काळजी निरोप पोचण्याची. निरोप पाठवणारा कोण, याची मात्र जवळजवळ काहीच नाही. ते रचलं गेलं तेव्हा जगात मोजक्या टेलिफोन कंपन्या होत्या, बऱ्याच सरकारी, एकमेकांना ओळखणाऱ्या. मोहल्ल्यात कुणी दाराला कुलूप लावत नाही, तसं. पुढे कंपन्या वाढल्या, या वाटेवर भाड्याने जागा मिळू लागली, कुलूप मात्र आलं नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हॅम्बुर्गच्या एका परिषदेत दाखवून दिलं, की या वाटेवर एकदा शिरलं की नुसत्या नंबरवरून माणूस कुठे आहे ते शोधता येतं, त्याचे निरोप वळवता येतात. २०१७ साली जर्मनीतच बँकेचे ओटीपी असे वळवून लोकांची खाती रिकामी केल्याचं उघड झालं. तुमच्या मोबाइलवर दिसणारा कॉल करणाऱ्याचा नंबरही असाच: कॉल निघतो तिथलं नेटवर्क तो लिहितं, पुढचे सगळे तो जसाच्या तसा पुढे देतात.

आपल्याकडे हदीसच्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न उलट्या टोकाने धरला होता. मजकूर नंतर, आधी सनद: कुणी कुणाकडून ऐकलं. साखळीतला प्रत्येक माणूस सच्चा होता का, त्याची आठवण पक्की होती का, मध्ये कडी तुटलेली नाही ना. या दोघांची भेट झाल्याचं सिद्ध व्हायला हवं, असा इमाम बुखारींचा आग्रह होता. दोघं एकाच काळातले आणि भेट शक्य असेल तर चालेल, असं इमाम मुस्लिम मानत. या धंद्यात मी आठवण पक्की करण्यावर आणि कडी न तुटण्यावर सोळा वर्षं घातली. सच्चा आहे का, हे माझ्या प्रोग्रॅमने कुणालाही कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी अम्मीला फोन आला. भारतातला नंबर. तुमच्या मुलाच्या नावाचं पार्सल मुंबईत पकडलंय, त्यात भलत्या वस्तू आहेत, तो आमच्या ताब्यात आहे, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका. माझं पूर्ण नाव घेतलं. असे फोन सगळ्यांनाच येतात, सगळेच घाबरतात. पण आमच्या नावाच्या मुलाची आई हे वाक्य मनात कितीतरी वर्षं ऐकत असते. ते खरं वाटायला तिला पुराव्याची गरज पडत नाही. परदेशातून येऊन भारतातला नंबर दाखवणारे कॉल अडवणारी यंत्रणा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली आणि पहिल्या चोवीस तासांतच असे १.३५ कोटी कॉल अडवल्याचं जाहीर केलं. तरी एखादा सुटतो, आणि देशातूनच लावलेले तर यात येतही नाहीत.

अम्मी म्हणाली, "रखो, मैं लगाती." आणि फोन ठेवला. तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला, तिने उचलला नाही. कपाटातून अब्बांची डायरी काढली आणि माझा नंबर बघून बघून दाबला. मी मीटिंगमध्ये होतो. कट केला. कट करताना आपोआप जातो तो इंग्रजी मेसेज तिला गेला, जो तिला वाचता येत नाही. मग तिने माझ्या बायकोला लावला. बायकोने सांगितलं, ते ऑफिसात आहेत, अम्मी. अम्मीने विचारलं, "तू देखी क्या उसको, के वो बोल्या?" बायको म्हणाली, सकाळी डबा घेऊन निघाले ना. सकाळचं नको, आत्ताचं सांग. बायकोने माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला, त्याने काचेतून मीटिंगच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि हो, समोर बसलाय, म्हणून सांगितलं. ते अम्मीला कळवलं गेलं. एका गवाहावर तिचं समाधान झालं नसावं.

चाळीस मिनिटांनी मी बाहेर आलो, सतरा मिस्ड कॉल पाहिले आणि हात थरथरत तिला फोन लावला. तिच्या मोबाइलवर माझं नाव आलं असणार, माझा फोटो पण. "अम्मी, मी बोलतोय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "रख. मैं लगाती."

फोन कट झाला. मी जिन्यात उभा राहून वाट पाहिली. डायरी उघडून, चष्मा लावून दहा आकडे दाबायला तिला मिनिटभर लागतं. पहिल्याच रिंगला उचलला.